‘द सोशल नेटवर्क’ पाहिला. मार्क झुकरबर्गने एडुआर्डोला खरंच फसवलं होतं, की चित्रपटाने तिखटमीठ लावलंय?

थोडक्यात सांगायचं तर हो, फसवलं. पण चित्रपटात दिसतं तेवढं नाही, आणि चित्रपट ज्या जागी बोट ठेवतो त्या जागी तर नाहीच.

प्रश्नात पुढे तुम्ही असंही विचारलंय की कंपनीच्या एक तृतीयांश हिश्श्याचा मालक एका फटक्यात शून्यावर कसा येतो, कायदा नावाची काही चीज आहे की नाही. मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी आहे. शेअर वाटपाचे ठराव, भागधारकांचे करार, आरओसीचे (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचे) फॉर्म हेच माझं रोजचं. त्यामुळे लोक त्या चित्रपटातल्या संवादांवर टाळ्या देतात तेव्हा माझं लक्ष टेबलावरच्या कागदांकडे असतं. गंमत म्हणजे दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचंही लक्ष बरंचसं तिकडेच आहे.

कथा थोडक्यात, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. हार्वर्डमधला मार्क खोलीत बसून फेसबुक ही साइट बनवतो, मित्र एडुआर्डो सॅव्हरिन सुरुवातीचे पैसे घालतो. साइट फोफावते, मार्क कॅलिफोर्नियाला जातो, तिथे नॅपस्टरवाला (इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण करणारी सेवा) शॉन पार्कर त्याच्या कानाला लागतो आणि एडुआर्डो बाहेर फेकला जातो. दुसरीकडे विंकलव्हॉस बंधू आणि दिव्य नरेंद्र म्हणतात की मूळ कल्पनाच आमची. हे सगळं आपल्याला कळतं ते दोन दाव्यांमधल्या जबान्यांतून, वकिलांच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी.

आता तो प्रसंग आठवा. एडुआर्डोला बोलावून घेतात, वकील कागदांची चळत पुढे सरकवतात, नव्या कंपनीत कोणाला किती हे वाचून दाखवतात. एडुआर्डोच्या वाट्याला ३४ टक्क्यांहून थोडे जास्त. पठ्ठ्या खुशीत सह्या ठोकतो. मग काही महिन्यांनी, दहा लाख सदस्य झाल्याच्या जल्लोषाला म्हणून तो येतो आणि त्याच्या हातात दुसरे कागद पडतात. इथे फिंचर जबानीच्या खोलीत जातो. एडुआर्डोची वकीलबाई एकेका भागधारकाचं नाव घेऊन विचारते (मॉस्कोविट्झ हा सहसंस्थापक, थील हा गुंतवणूकदार): मार्कचा हिस्सा किती कमी झाला? झाला नाही. मॉस्कोविट्झचा? नाही. पार्करचा? नाही. थीलचा? नाही. आणि तुमचा? ०.०३ टक्के.

त्याच्या आगेमागे ऑफिसातला तमाशा आहे. कानाला हेडफोन लावून बसलेला मार्क, एडुआर्डोने उचलून आपटलेला लॅपटॉप, आणि हातात १९,००० डॉलरचा चेक नाचवणारा पार्कर. एडुआर्डो मूठ उगारल्यासारखं करतो तेव्हा पार्कर जो दचकून मागे होतो ना, ते एक दृश्य पुरे आहे. अँड्र्यू गारफील्डला या भूमिकेसाठी ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं, याचा राग मला अजून येतो.

पण प्रत्यक्षात काय झालं? फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ ला सुरू झालं. एप्रिलमध्ये मार्क, एडुआर्डो आणि डस्टिन मॉस्कोविट्झ यांनी फ्लोरिडात एक एलएलसी (मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी) नोंदवली. वाटणी साधारण अशी: मार्क ६५ टक्के, एडुआर्डो ३०, डस्टिन ५. उन्हाळ्यात मार्क कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला गेला आणि एडुआर्डो न्यूयॉर्कला राहिला. जुलैअखेर डेलावेअर या राज्यात नवी कंपनी काढली आणि तिने जुनी एलएलसी पोटात घेतली. पीटर थीलने पाच लाख डॉलर घालून सुमारे दहा टक्के घेतले. ऑक्टोबरअखेर एडुआर्डोने नव्या भागधारक करारावर सही केली आणि त्या कराराने त्याच्या शेअरवरचा मतदानाचा हक्क मार्ककडे गेला. जानेवारी २००५ मध्ये कंपनीने आणखी शेअर काढले. ते मिळाले मार्कला, मॉस्कोविट्झला आणि पार्करला. एडुआर्डोचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आत आला. ०.०३ नव्हे, दहाच्या आत. फेसबुकच्या हिशेबात या दोन आकड्यांमध्ये अब्जावधी डॉलरचा फरक पडतो.

यात गूढ काही नाही. समजा कंपनीचे एकूण १०० शेअर आहेत, त्यातले ३० तुमचे. उद्या कंपनीने २०० नवे शेअर काढले आणि तुम्हाला एकही दिला नाही, तर तुमचे ३० जागेवरच आहेत, कोणी हिसकावले नाहीत, पण आता ते ३०० पैकी ३० आहेत. तीस टक्क्यांचे दहा टक्के झाले. याला आमच्याकडे डायल्यूशन म्हणतात आणि ते प्रत्येक स्टार्टअपमध्ये होतं. बाहेरचा गुंतवणूकदार आला की सगळ्या संस्थापकांचा हिस्सा खाली येतो, त्यात रडण्यासारखं काही नसतं. प्रश्न एवढाच की नवे शेअर कोणाला गेले आणि कोणाला वगळलं. सगळे एकत्र खाली येत असतील तर तो धंदा. एकटाच खाली येत असेल आणि बाकीचे भरपाई म्हणून नवे शेअर घेत असतील, तर काहीतरी शिजलंय असं समजा. चित्रपटातली ती वकीलबाई एकेक नाव घेऊन नेमकं हेच विचारते. आकडा चुकलेला असला तरी प्रश्न अगदी बरोबर आहे.

आणि इथे मार्कची बाजू घेणं कठीण होतं. २०१२ मध्ये ‘बिझनेस इनसायडर’ने त्या काळातले काही ईमेल छापले. त्यातल्या एकात मार्क आपल्या वकिलाला विचारतो की एडुआर्डोचा हिस्सा दहा टक्क्यांवर आणायचाय, पण ते त्याच्या सरळ डोळ्यांवर येणार नाही असं काही करता येईल का. माझ्या लेखी खरा दगा इथे आहे. हिस्सा कमी करणं हा एक व्यवहार झाला. काम सोडून गेलेल्या भागीदाराचा हिस्सा कमी करायला सबळ कारणंही असू शकतात, पण ती त्याच्या तोंडावर सांगायची असतात. चित्रपटात हा ईमेल नाही, कारण तो तेव्हा बाहेर आलेलाच नव्हता. असता तर पटकथाकार ॲरन सॉर्किनला ०.०३ची गरजच पडली नसती.

एडुआर्डो तरी धुतल्या तांदळासारखा होता का? नाही. कंपनी पालो आल्टोत दिवसरात्र राबत असताना हा देशाच्या दुसऱ्या टोकाला. जाहिराती मिळवणं, पैशाचं बघणं ही त्याची कामं अर्धवट राहत होती अशी मार्कची तक्रार होती. खात्यातले पैसे त्याने अडवून धरले, हे चित्रपटातही आहे. चित्रपटात नाही ते असं की आपल्याच एका दुसऱ्या साइटच्या जाहिराती त्याने फेसबुकवर फुकटात लावल्या होत्या. आता सांगा, तुमच्या कंपनीत तुमच्या भागीदाराने हे केलं तर तुम्ही काय कराल? त्याला बाजूला करणं समजू शकतं. कसं केलं त्यावर वाद आहे.

कायद्याचं विचारलंत म्हणून. डेलावेअरमध्ये कंपनीच्या घटनेत तसं लिहिलेलं नसेल तर जुन्या भागधारकाला नव्या शेअरवर पहिला हक्क आपोआप मिळत नाही. पण संचालकांनी सगळ्या भागधारकांशी प्रामाणिक राहायचं बंधन आहेच, आणि एकट्यालाच खाली ओढलं की खटल्याला जागा तयार होते. झालंही तसंच. २००५ मध्ये कंपनीने एडुआर्डोवर दावा लावला, त्याने उलटा दावा लावला, शेवटी तडजोड झाली आणि सहसंस्थापक म्हणून त्याचं नाव परत आलं.

आपल्याकडे हेच प्रकरण जरा वेगळं गेलं असतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ प्रमाणे नवे शेअर आधी असलेल्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. बाहेरच्याला किंवा निवडक लोकांना द्यायचे तर विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. तीस टक्के मतं हातात असलेला माणूस असा ठराव एकट्याने पाडू शकतो. मात्र मतदानाचा हक्कच लिहून दिला असेल तर तीस काय नि साठ काय, सगळे फक्त कागदावर. आमच्याकडे येणारे दोन मित्र हमखास म्हणतात, ‘सर, आम्ही इंजिनिअरिंगपासून एकत्र आहोत, इतकं काय त्यात?’ मी म्हणतो, ठीक आहे, मग दोघांनी वेगवेगळा वकील घ्या आणि तुमच्यात कोणी सोडून गेला तर त्याच्या शेअरचं काय, एवढं एक पान आज लिहा. तोंडं उतरतात. काही जण त्यानंतर फिरकत नाहीत. चित्रपटात एडुआर्डो म्हणतो ना, की ते वकील माझेही आहेत असं मी समजलो, ते ऐकताना म्हणूनच मला हसू येत नाही.

बाकी तिखटमीठ भरपूर आहे. पहिल्याच प्रसंगातली एरिका नावाची मैत्रीण, जिने सोडलं म्हणून मार्कने सगळा घाट घातला असं सुचवलंय, ती काल्पनिक. (त्या एका प्रसंगाचे फिंचरने ९९ टेक घेतले म्हणतात, आणि ते दिसतात. दोघं इतक्या वेगात बोलतात की धाप आपल्याला लागते.) मार्कने २००३ च्या ब्लॉगमध्ये एका मुलीबद्दल वाकडं लिहिलं होतं एवढं खरं, पण प्रिसिला चॅन, जिच्याशी त्याने पुढे लग्न केलं, ती त्याला त्याच वर्षी भेटली होती. चित्रपटात तिचा मागमूस नाही. ती आली असती तर एकाकी, चिडक्या मुलाची कथा कोसळली असती. बड्या घरच्या पोरांच्या क्लबात शिरता येत नाही म्हणून धुमसणारा मार्क हीही बरीचशी पटकथेची सोय. मार्क स्वतः म्हणाला होता की त्यांनी बरोबर काय दाखवलं, तर कपडे: चित्रपटातला प्रत्येक टीशर्ट त्याच्याकडे खरंच होता.

विंकलव्हॉस बंधूंबद्दल मला फार सहानुभूती नाही. मार्कने त्यांच्या साइटचं काम अंगावर घेतलं, त्यांना आठवडेच्या आठवडे झुलवत ठेवलं आणि तेवढ्यात स्वतःची साइट काढली, हे वागणं वाईटच. पण दोन वेगळ्या कुळांच्या तक्रारी चित्रपटात एकाच टेबलावर बसवल्यामुळे सारख्या वाटायला लागतात. त्यांच्याकडे कल्पना होती, एडुआर्डोकडे शेअर होते. त्यांना २००८ च्या तडजोडीत रोख आणि शेअर मिळून साडेसहा कोटी डॉलर मिळाले. मग तीच तडजोड मोडायला ते पुन्हा कोर्टात गेले आणि २०११ मध्ये हात हलवत परतले. आर्मी हॅमरने दोन्ही भाऊ उभे केलेत (एकाच्या शरीरासाठी जॉश पेन्स हा नट होता, चेहरा हॅमरचा), ते मात्र बघण्यासारखं. दिव्य नरेंद्र हे भारतीय वंशाचं पात्र मॅक्स मिंगेला या ब्रिटिश नटाला दिलं, हे २०१० मध्येही विचित्रच होतं.

मग हा सगळा ‘बिचारा एडुआर्डो’ सूर आला कुठून? पटकथा बेन मेझरिकच्या २००९ च्या ‘द ॲक्सिडेंटल बिलियनेअर्स’ या पुस्तकावरून घेतलीय आणि त्या पुस्तकाला सुरुवातीला माहिती पुरवणारा मुख्य माणूस होता खुद्द एडुआर्डो. मार्कने मेझरिकशी बोलायला नकार दिला होता. म्हणजे आपण जे पाहतो त्यातला मोठा भाग एका फिर्यादीची कैफियत आहे, आणि सॉर्किनने इतरांची बाजू मधे मधे आणून ती झाकलीय. फेसबुकशी तडजोड झाल्यावर एडुआर्डोने मेझरिकशी बोलणं बंद केलं. चित्रपट आला त्या महिन्यात त्याने सीएनबीसीसाठी एक लेख लिहिला आणि त्यात हे मनोरंजन आहे, माहितीपट नव्हे, असं सांगून टाकलं. तोवर तो सिंगापूरला स्थायिक झाला होता. पुढे त्याने अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं, आणि फोर्ब्सच्या यादीत तिथला सगळ्यांत श्रीमंत माणूसही ठरला. चित्रपटातल्या ०.०३ टक्क्यांवर तर हे जमलं नसतं.