प्रकृतीच्या अर्जातील एक खोटे उत्तर

सप्रेम नमस्कार.

गुण, अभ्यासक्रम आणि शुल्क यांविषयी आपण विचारलेल्या प्रश्नांकडे मी नंतर वळेन, कारण आपल्या पत्रातील एका वाक्याने मला फार अस्वस्थ केले आहे. आपली १७ वर्षांची कन्या स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून आली, त्या दरम्यान कोणाची तरी पाण्यात पडलेली अंगठी तिने तळाच्या वाळूतून शोधून दिली, आणि तेव्हापासून तिने बुडालेल्या जहाजांवरील खजिना शोधण्यातच करिअर करावे, असे आपण ठरवले आहे. पुढच्या प्रशिक्षणाच्या अर्जात मात्र, दम्याविषयीच्या प्रश्नापुढे, तिला लहानपणी तो त्रास असूनही, ‘उगाच अडकायला नको म्हणून’ आपण ‘नाही’ असे लिहिले.

हे उत्तर आजच दुरुस्त करा. दहा मीटर खोलीवरचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे घेतलेल्या श्वासातील हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापू पाहते. ती सहज बाहेर पडत राहिली तर काही बिघडत नाही; पण दम्याने आकसलेल्या श्वासनलिकांमागे ती अडकली, तर फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात आणि थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. शिवाय टाकीतील हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेने दमा उफाळू शकतो. एखाद्या प्रश्नाला ‘होय’ म्हटले म्हणजे अर्ज फेटाळला जातो, ही समजूतही बरोबर नाही. अशा वेळी डॉक्टरांची संमती मागितली जाते, आणि डायव्हिंगची माहिती असलेले डॉक्टर फुप्फुसांची चाचणी घेऊन निर्णय देतात. तो निर्णय विरोधात गेला, तर आपण तो मानला पाहिजे.

‘ती तीस मीटरवर जायला कचरते, तिची भीड मोडायला हवी,’ असेही आपण लिहिले आहे. प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटरची असते, आणि तीस मीटरच्या आसपास, दाबाखाली श्वासात घेतलेल्या हवेतील नायट्रोजनमुळे येणारी गुंगी अनुभवी डायव्हरच्याही विचारशक्तीवर परिणाम करू लागते. कोणत्याही डायव्हरला, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता डाइव्ह रद्द करता येते, हा या क्षेत्रातील सर्वमान्य नियम आहे. आपण जिला भीड म्हणता, ती मला तिची समज वाटते, आणि ती मोडण्याचा अधिकार वडिलांनाही नाही.

आपण ‘आतोचा’ या जहाजाचे उदाहरण दिले आहे. १६२२ साली फ्लोरिडाजवळ बुडालेल्या या स्पॅनिश जहाजाचा मुख्य साठा खजिनाशोधक मेल फिशर यांना १९८५ मध्ये सापडला, हे खरे आहे. परंतु त्याआधी सोळा वर्षे तो शोध गुंतवणूकदारांच्या पैशावर चालला होता, आणि १९७५ मध्ये शोधनौका उलटून फिशर यांचा मुलगा, सून आणि एक सहकारी डायव्हर असे तिघे मृत्यू पावले होते. आपल्या पत्रात फक्त सोने आले आहे.

ज्याला सापडले त्याचे ते झाले, हा समज आपल्या साऱ्या बेताच्या मुळाशी आहे, आणि तो चुकीचा आहे. बुडाल्याने वस्तूवरची मालकी आपोआप संपत नाही. बुडालेला माल वाचवणाऱ्याला सर्वसाधारणपणे मोबदल्याचा हक्क मिळतो, मालकीचा नव्हे. एका अमेरिकी कंपनीने १८०४ मध्ये बुडालेल्या ‘मर्सेडीज’ या स्पॅनिश युद्धनौकेवरील जवळपास सहा लाख नाणी २००७ मध्ये यंत्रांच्या साहाय्याने वर काढली. न्यायालयीन लढाईनंतर ती २०१२ मध्ये स्पेनला परत द्यावी लागली. ब्रिटनमध्ये भग्न जहाजावरील वस्तू बाहेर काढल्यास २८ दिवसांच्या आत सरकारी अधिकाऱ्याला कळवावे लागते. निदान शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या सांस्कृतिक अवशेषांचा व्यापार करू नये, असे युनेस्कोच्या २००१ च्या करारातील सहभागी देशांनी मान्य केले आहे. त्यामागील कारण मला पूर्णपणे पटते: कोणती वस्तू कशाच्या शेजारी, किती गाळाखाली होती, यावरून जहाजाचा इतिहास उलगडतो, आणि नोंद न करता ती उचलली की तो पुरावा कायमचा जातो. वर काढलेली वस्तूही लगेच सुरक्षित होत नाही. ‘वासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये बाहेर काढल्यावर त्याचे लाकूड तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाची फवारणी करावी लागली.

आता आपल्या कन्येविषयी. पत्राच्या शेवटी तिने स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत, आणि मला त्या सर्वांत मोलाच्या वाटल्या. अंगठी पडली तेव्हा मालक नेमका कुठे होता हे तिने आधी विचारून घेतले, तिथे वजन ठेवून त्याला दोरी बांधली, दर फेरीला दोरी थोडी सैल सोडत वर्तुळे घेतली आणि नंतर त्याचा आराखडा काढला. ‘मला तो आराखडा काढायला जास्त आवडला,’ असे ती म्हणते. हरवलेली वस्तू शोधण्याची ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे, आणि गाळ ढवळून हातापुढचेही दिसेनासे होते तेव्हा पोलिसांचे डायव्हर अशाच दोरीच्या आधारे पुरावे शोधतात. तिच्यातील गुण शोधणे आणि नोंदणे हा आहे, आणि त्यासाठी खोल जाण्याची अट नाही. सागरी पुरातत्त्व, सोनार (ध्वनिलहरींनी वेध घेणारे यंत्र) आणि चुंबकमापक (लोखंडाचा माग काढणारे यंत्र) यांनी समुद्रतळाचे सर्वेक्षण, पाण्यातून काढलेल्या वस्तूंचे संवर्धन, या तिन्ही क्षेत्रांत बरेचसे काम बोटीवर, संगणकासमोर किंवा प्रयोगशाळेत होते. पाण्याखालील पुरातत्त्वाचे एक प्रवर्तक जॉर्ज बास हे आधी पुरातत्त्वज्ञ होते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील केप गेलिडोन्या येथील उत्खननासाठी १९६० मध्ये ते डायव्हिंग शिकले. मला हाच क्रम योग्य वाटतो.

विज्ञान शाखेतील ७१ टक्क्यांवर भूगर्भशास्त्र, भूगोल, रसायनशास्त्र किंवा इतिहास यांपैकी कोणतीही पदवी घेता येते, त्यामुळे गुणांची चिंता सोडा. व्यावसायिक डायव्हिंगचे महागडे प्रशिक्षण लगेच घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. तिथे पाण्याखालील वेल्डिंग आणि तपासणीची अंगमेहनत असते, खजिना नसतो, आणि त्या प्रशिक्षणासाठीची वैद्यकीय तपासणी अधिक कडक असते. त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम तिच्या पदवीसाठी राखून ठेवा. डॉक्टरांचा अहवाल आल्यावर मला पुन्हा लिहा, आणि ते पत्र आपल्या कन्येला तिच्या शब्दांत लिहू द्या. सोबत तो आराखडाही पाठवायला सांगा, म्हणजे वर सांगितलेल्या तीन क्षेत्रांपैकी कोणत्या दिशेने तिचा कल आहे, हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.