राजहंसगड चढली म्हणून केदारकंठ चढेल का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी नऊ वर्षांची, आपला बेळगावजवळचा राजहंसगड न थांबता चढते, डिसेंबरात तिला घेऊन उत्तराखंडात बर्फातला केदारकंठ करायचाय आणि खानापूरची सासरची मंडळी तुम्हाला वेड्यात काढतायत. नेता येईल की. पण डिसेंबरात नको, आणि राजहंसगडाच्या भरवशावर तर मुळीच नको. तिथं गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते ओ!

मी माझ्या पोराला तो दहाचा असताना नेलं होतं, नाताळच्या सुट्टीत. माथा राहिला. चूक माझीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. पायथ्याचं सांक्री सहा हजारांच्या वर आणि माथा साधारण साडेबारा हजार फूट. रेल्वेनं दिल्ली, तिथून डेहराडून, मग सांक्रीपर्यंत सुमारे 200 किलोमीटर घाटरस्ता. पोर गाडी लागून ओकत पोचतं आणि दुसऱ्याच दिवशी चढाईला सुरुवात. पहिला मुक्काम जुडा का तालाब, नऊ हजारांच्या आसपास. दुसरा अकरा हजारांवर. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला अंधारात माथ्याकडे. मोठ्यांना हे निभतं. पण तीन हजार मीटरच्या (साधारण 9,800 फूट) वर झोपायची जागा रोज फार तर 500 मीटरनं (साधारण 1,600 फूट) वाढवावी, असा डॉक्टरांचा साधा हिशेब आहे, आणि विरळ हवेचा त्रास अडीच हजार मीटरपासूनच (साधारण 8,200 फूट) सुरू होऊ शकतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी. म्हणून आयोजकांना आधीच सांगा, सांक्रीत एक रात्र जास्त, जुडा का तालाबला एक जास्त. ऐकत नसतील तर दुसरे बघा.

आता आमची गोष्ट. दुसऱ्या मुक्कामी पोरगा जेवला नाही. म्हणाला, भूक नाही. मला वाटलं, दमलाय. रात्री डोकं दुखत होतं ते त्यानं सांगितलंच नाही, कारण मी बेळगावपासून “माथा, माथा” करत आलो होतो. पहाटे वाटेत लघवीला थांबलो तेव्हा त्यानं हातमोजे काढून बर्फावर ठेवले. ओले झाले, तसेच घातले. अर्ध्या तासानं खाली बसला आणि ओकला. बॅटरीच्या उजेडात बोटं बघितली तर टोकं मेणासारखी पांढरी. स्वेटरच्या आत, माझ्या काखेत त्याचे हात धरून बसलो. रंग परत यायला लागला तसा तो कळवळून रडला, त्या वेळी फार दुखतं. तिथूनच फिरलो. दुपारी जुडा का तालाबला येऊन गड्यानं दोन ताटं राजमा-भात हाणला. खाली उतरणं हेच औषध.

मोठा माणूस सांगतो, डोकं जड झालंय. पोरं सांगत नाहीत. जेवण, खेळ, बडबड यातलं काही थांबलं की तेच लक्षण धरा. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा तोल जायला लागला तर रात्र असो की पाऊस, त्याच क्षणी उतरायला लागायचं. गोळ्यांचं मात्र तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा, नेटवर वाचून देऊ नका.

आमच्या गल्लीत मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार काका आहेत. त्यांचं एकच सांगणं असायचं, थंडी नाही, घाम मारतो. अंगाला सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं. चालताना थोडं गार वाटेल इतकेच कपडे, थांबलं की लगेच वरचं जाकीट. हातमोज्यांचे तीन जोड, दोरीनं बाहीला बांधलेले (हे मी शिकलो!). गॉगल सक्तीचा, ताजं बर्फ अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतं. लहान मापाचे बूट आणि बुटाला लावायचे काटे तिथं भाड्यानं मिळतील असं धरू नका. बूट इथूनच घ्या, महिनाभर वापरवा.

सराव वैजनाथच्या डोंगरावर आणि कलानिधीगडावर करा, पण लागोपाठ दोन दिवस, तिची पिशवी तिच्याच पाठीवर. याहून खरी परीक्षा म्हणजे जुलैत कणकुंबीच्या पावसात तीन तास चाल. ओले पाय, जळवा, गार वारा. तरीही दुसऱ्या दिवशी “पुन्हा चालायला जाऊया” म्हणाली तर मुलगी तयार आहे. (भीमगडच्या जंगलात परवानगीशिवाय शिरू नका.)

कुणी तरी तुम्हाला मालावथ पूर्णाचं उदाहरण देईलच, 2014 मध्ये तेराव्या वर्षी एव्हरेस्ट. खरं आहे. पण तिच्या मागे दार्जिलिंगचं प्रशिक्षण होतं, फक्त हौस नव्हती.

दोन वर्षांनी आम्ही एप्रिलमध्ये गेलो. शाळेला सुट्टी लागलेली, थंडी सुसह्य, माथ्याजवळ बर्फ शिल्लक. तेव्हा एक शब्द ठरवला होता, “कुंदा”. तो म्हणाला की का, कशाला न विचारता मागे फिरायचं. पोरानं पहिल्याच दिवशी नुसतं बघायला म्हणून म्हटला. मी खरंच शंभर पावलं खाली उतरलो. तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं तेव्हा त्यानं स्वतःहून सांगितलं, तास-दीड तास थांबलो, पाणी पाजलं, बरं वाटल्यावर निघालो. माथ्यावरून स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ बघितलं.

आणि परतीचं आरक्षण दोन दिवस सैल ठेवा. पहिल्या वेळी मला त्या तिकिटानंही वर ढकललं होतं. दिल्लीला जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, एप्रिलसाठी फेब्रुवारीतच बसा.