मुलगी आठवीत आहे, नाशिकमध्ये कुस्ती शिकते. फ्रीस्टाईलमध्ये इंटरनॅशनलपर्यंत जाता येतं का? सर म्हणतात वजन उतरवून खालच्या गटात खेळवा, तसं करू का?

दादा, जाता येतं. आणि वजन अजिबात उतरवू नका. पहिल्याबद्दल खाली लिहिते, आधी दुसरं, कारण त्यातून मी स्वतः गेलेय.

मी नाशिकरोडची. आमच्याकडे पोरगी पळायला लागली की लोक कविता राऊतचं नाव घेतात, कौतुकानं बघतात, पण कुस्ती म्हटलं की "ते कोल्हापूरकडचं", त्यात मुलगी म्हणजे संपलंच. म्हणून तालमीत घेणारे सर मिळाले तेच खूप वाटायचं, त्यांचा शब्द घरात कोणी मोडायचं नाही. अंडर १७ ची निवड होती. माझं वजन ५३ च्या आतबाहेर, आणि ५३ चा गट आहेच की! पण सरांचं म्हणणं त्या गटात एक तगडी पोरगी आहे, तू ४९ ला उतर, मेडल फिक्स. मग काय, अर्धी चपाती, अंड्यातलं नुसतं पांढरं, आणि मे महिन्यात दोन स्वेटरवर रेनकोट चढवून ग्राउंडला चकरा. शेवटच्या रात्री पाणी बंद. च्युइंगम चघळायचं आणि बाटलीत थुंकत बसायचं, तेवढेच ग्रॅम कमी होतात म्हणून, नंतर नंतर तर थुंकी पण येईना. आई मेथीचे लाडू घेऊन आलेली, डबा मांडीवर, सरांसमोर बोलता येईना तर नुसतं झाकण उघडायची आणि लावायची.

सकाळी काट्यावर ४८.९ भरले. सर खुश. आणि मॅटवर गेले तर समोरचीनं एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून ओढला, मला येताना दिसला, पाय झटकन मागे टाकायचे हे पण डोक्यात आलं, पण पाय मागे गेलेच नाहीत. खाली पडल्यावर तिनं फितले लावले, म्हणजे माझे दोन्ही पाय एकमेकांत अडकवले, आणि फिरवत राहिली, २-०, ४-०, करत करत १०-०, दहाचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपते, पहिला राऊंडसुद्धा पुरा झाला नाही. सर म्हणाले तू मनानं कच्ची आहेस. पुढच्या वर्षी मी तालीम बदलली, पोटभर जेवून ५३ लाच खेळले आणि स्टेटला मेडल आणलं. ते मेडल बघून सर म्हणाले पाया मी घातला होता.

हेच सर पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी एका लग्नात चारचौघांत म्हणत होते की विनेश फोगाटला १०० ग्रॅम सांभाळता आले नाहीत. मी तिथंच बोलले, इथं पण बोलते. ती ५३ ची पैलवान, त्या गटाचा कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली भारताची जागा, २०२३ च्या वर्ल्डला ब्राँझ घेऊन अंतिम पंघालनं आणलेला, म्हणून विनेशला ५० ला उतरावं लागलं. पहिल्याच कुस्तीत युई सुसाकी, जी तोवर इंटरनॅशनलला कोणाकडूनच हरली नव्हती, तिला शेवटच्या काही सेकंदांत ३-२ नं हरवलं, मग त्याच दिवशी अजून दोन कुस्त्या मारल्या. तीन कुस्त्या खेळायच्या म्हणजे पोटात काहीतरी घालावंच लागतं, पाणी प्यावंच लागतं, आणि फायनलच्या सकाळी परत काटा. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी १०० ग्रॅम जास्त भरले आणि फायनलआधीच तिला बाद केलं. एवढं करून जी तिथं उभी राहिली तिला कच्ची म्हणणाऱ्यानं आधी एक रात्र बिनपाण्याची काढून दाखवावी.

आता तुमचं इंटरनॅशनलचं. रस्ता जिल्हा, स्टेट, नॅशनल, मग ट्रायल्स असाच आहे. वेळ लागतो. साक्षी मलिकनं बाराव्या वर्षी सुरुवात केली, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ५८ किलोत ब्राँझ आणलं तेव्हा ती २३ ची होती, आणि ते पण आधी हरून रेपेचाजमधून, म्हणजे फायनलला गेलेलीकडून हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, वर येऊन, शेवटच्या कुस्तीत ०-५ नं मागे असताना. उलट अंतिम पंघाल १७ व्या वर्षीच, २०२२ ला, अंडर २० ची वर्ल्ड चॅम्पियन झाली, भारतातली पहिलीच मुलगी. म्हणजे वयाचं काही ठरलेलं नाही. आपल्याकडे मुलींची महाराष्ट्र केसरीच सुरू झाली २०२३ ला, सांगलीत, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. हरियाणाच्या मागे आहोत आपण, खोटं कशाला बोलू. नोकरीचं म्हणाल तर रेल्वे, पोलीस यांच्यात स्पोर्ट्स कोटा असतो, पण त्याला मोठ्या स्पर्धेतली कामगिरी लागते.

हां, एक राहिलं. मोठ्या वयात किलोभर इकडंतिकडं सगळेच करतात, त्याला माझा विरोध नाही, ते पण डॉक्टरला विचारून. पण आठवीतली पोरगी, वाढीचं वय, पाळी नुकती सुरू झालेली असते, तिला चार किलो उतरवणं हा निव्वळ अत्याचार आहे. माझी पाळी त्या उन्हाळ्यात बंद झाली होती आणि हे घरी सांगायची पण लाज वाटायची. तुमच्या मिसेसना मुलीशी यावर बोलायला सांगा, आजच.

आणि तालमीत जाऊन बघा, मॅट आहे का, जोडीला अजून मुली आहेत का, आणि ती कुठल्या गटात खेळणार हे ठरवतं कोण. सर एकटेच ठरवत असतील तर दुसरी तालीम शोधा.