स्पेनमधील उन्हाळी अभ्यासक्रमात संस्कृतीचा तास घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पदवीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात चार आठवड्यांसाठी स्पेनला जायचे ठरले आहे आणि स्पॅनिशची ए2 पातळी (युरोपीय सहा पायऱ्यांतली खालून दुसरी) पूर्ण झाली आहे, तर भाषा आणि संस्कृती असा जोड अभ्यासक्रम घ्यावा की तेवढ्याच वेळात नुसता व्याकरण-संभाषणाचा सघन अभ्यासक्रम करावा, आणि शहर कोणते निवडावे. पहिल्या भागाचे उत्तर मी ठामपणे देते. संस्कृतीचा तास सोडू नका. विद्यार्थिनी असताना मी हाच प्रश्न माझ्या विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांना विचारला होता, तेव्हा "संस्कृतीचा तास म्हणजे सहल, तिच्यासाठी फी कशाला भरायची?" असे उत्तर मिळाले होते. ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. का पटत नाही, हे स्पेनमधील सालामांका या विद्यापीठाच्या शहरातल्या एका दुपारचा प्रसंग सांगितला म्हणजे लक्षात येईल.

सालामांकाचे विद्यापीठ 1218 सालचे. त्याच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरील नक्षीत कवटीवर बसलेला एक बेडूक कोरलेला आहे आणि तो हुडकून काढणे हा तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा ठरलेला उद्योग असतो. आमच्या शिक्षिकेने आम्हाला तो शोधू दिला, छायाचित्रे काढू दिली आणि मग आत फ्राय लुईस दे लेओन या सोळाव्या शतकातील कवी-अध्यापकाच्या वर्गात नेले. तिथली बाके म्हणजे जेमतेम तासलेले ओंडके आहेत आणि शतकानुशतके विद्यार्थ्यांनी चाकूने कोरलेली अक्षरे त्यांवर हाताला लागतात. बायबलच्या प्रचलित लॅटिन पाठापेक्षा मूळ हिब्रूला मान दिला आणि त्यातील 'गीतरत्न' कास्तेलियानोत, म्हणजे स्पॅनिशमध्ये आणले, असे आरोप ठेवून इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, या अध्यापकाला 1572 मध्ये पकडले. 1576 च्या अखेरीस सुटका होईपर्यंत तो वायादोलिदच्या तुरुंगात होता. हे सारे शिक्षिकेने संथ, सोप्या स्पॅनिशमध्ये सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या शब्दांत लिहून आणायला सांगितले.

मी एका वयस्कर सेन्योरांच्या, म्हणजे बाईंच्या, घरी राहत होते. जेवण अडीचला असे. उन्हासाठी खिडकीच्या पट्ट्या अर्ध्या खाली ओढलेल्या, मेणकापडावर पावाचा चुरा, गास्पाचो या टोमॅटोच्या थंड सूपचा वाडगा आणि तीनच्या बातम्यांसाठी लावून ठेवलेला टीव्ही. सकाळी काय पाहिले, असे त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले आणि मी फ्राय लुईसची हकिकत सांगू लागले. वर्गात तक्त्यातून पाठ केलेले दोन भूतकाळ तिथे खरोखर निवडावे लागत होते, कारण तो शिकवत असे ही एक गोष्ट होती आणि त्याला पकडले ही दुसरी. अडखळले की सेन्योरा योग्य रूप हळूच पुरवत आणि "पुढे?" असे म्हणत. मध्येच त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. माझे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या की याच विद्यापीठात त्यांच्या वडिलांच्या तरुणपणीही असेच काही घडले होते, आणि मग त्या उनामुनोंबद्दल बोलत राहिल्या. कुलगुरू असलेल्या लेखक मिगेल दे उनामुनोंनी यादवी युद्ध चालू असताना 12 ऑक्टोबर 1936 रोजी भर सभेत फ्रँकोंच्या बाजूचे जनरल मियान आस्त्राय यांच्यासमोर विरोधाचे शब्द उच्चारले, त्यांचे पद गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते घरात नजरकैदेसारख्या अवस्थेत वारले. त्या दिवशीचे नेमके शब्द कोणते, यावर अभ्यासकांत वाद आहे. सेन्योरांना मात्र त्या शब्दांपेक्षा त्यांच्या लहानपणी घरात हा विषय निघाला की आई उठून खिडकी लावून घेई, हे सांगायचे होते. त्या कितीतरी वेळ, परदेशी मुलीसाठी वेग कमी न करता बोलत होत्या, आणि सकाळच्या तासामुळे मला त्यातले बहुतेक समजत होते.

सघन अभ्यासक्रमाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. ए2 पातळीच्या विद्यार्थ्याला व्याकरणाची उणीव असतेच, पण त्याहून मोठी उणीव बोलण्याच्या विषयांची असते. घरी किती माणसे आहेत, छंद कोणते, काल काय जेवलात, एवढे विचारून झाले की संभाषण संपते आणि सगळे विद्यार्थी आपसांत इंग्रजी बोलू लागतात. संस्कृतीचा तास चांगला असेल तर समोरच्या माणसाला ज्यात रस आहे असे काहीतरी तुमच्या हाती देतो, आणि मग तो माणूस थांबून बोलतो. व्याकरणाचे नियम घरी पुस्तकातूनही शिकता येतात. तो माणूस पुस्तकातून मिळत नाही. म्हणूनच विद्यार्थी-निवासापेक्षा कुटुंबात राहणे मी अधिक महत्त्वाचे मानते. पैसे वाचवायचेच असतील तर सहलींत वाचवा, राहण्यात वाचवू नका.

शहराबद्दल थोडक्यात सांगते. 'इथले स्पॅनिश सर्वांत शुद्ध' ही जाहिरात मनावर घेऊ नका. ही भाषा बोलणारे बहुसंख्य लोक अमेरिका खंडात राहतात आणि त्यांचे स्पॅनिश तितकेच खरे आहे. तरीही पहिल्या मुक्कामासाठी सालामांका किंवा वायादोलिद सोयीचे, कारण तिथले उच्चार पाठ्यपुस्तकाच्या जवळचे आहेत. ग्रानादात शब्दांच्या शेवटचा 'स' गळतो आणि सुरुवातीला कान गोंधळतो, पण तिथल्या अल्हाम्ब्रा या मध्ययुगीन मुस्लिम राजवाड्यासमोर संस्कृतीचा तास भरणार असेल तर तेवढा गोंधळ मी पत्करीन. बार्सिलोना मोठे सुंदर शहर आहे. मात्र तिथे कातालान ही सहअधिकृत आणि रोजच्या वापरातली भाषा आहे, त्यामुळे केवळ स्पॅनिशसाठी जाणाऱ्याने विचार करून निवडावे. सेव्हिया आणि कोर्दोबा जुलैत टाळा, पारा चाळिशी ओलांडतो. सालामांका सुमारे 800 मीटर उंचीवर असल्याने रात्री तरी गारवा असतो.

आता काही पथ्ये. आठवड्याचे पाच दिवस रोज चार तास धरले तर चार आठवड्यांत 80 तास होतात, आणि तेवढ्यात ए2 चे बी2, म्हणजे दोन पायऱ्या वर, होत नाही. असे आश्वासन कोणी देत असेल तर दुसरी संस्था पाहा. संस्कृतीचा तास इंग्रजीतून असेल तर मी वर लिहिलेले सारे व्यर्थ आहे, तेव्हा नाव नोंदवण्यापूर्वी माध्यम विचारून घ्या. यजमान कुटुंबही प्रत्येकाला बोलके मिळेलच असे नाही, पण पहिल्या आठवड्यातच सांगितले तर बदलून मिळू शकते. मुक्काम 90 दिवसांच्या आत असल्याने शेंगेन (युरोपातील अनेक देशांचा सामाईक) अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. त्यासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते. श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) मात्र निघण्यापूर्वीच पक्के करा. युरोपीय पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे 25 ते 30 तासांचे काम. प्रमाणपत्रावर भाषेचे आणि संस्कृतीचे तास, गृहपाठ आणि परीक्षा वेगवेगळी नोंदवून मागा, आणि तुमच्या विभागाची मान्यता लेखी घ्या. माझ्या विभागाने परतल्यावर संस्कृतीचे तास सहल म्हणून वगळले होते. तुमच्याकडे लेखी मान्यता असली की तुमच्या विभागाला तसे करता येणार नाही.