वाचक विचारतात : व्हॅम्पायर आधी कोणता?

प्रश्न : आम्ही सात-आठ जण घरीच प्रोजेक्टरवर सिनेमे बघतो. क्वीअर (समलिंगी वगैरे ओढ असलेले) व्हॅम्पायर हा विषय घेतला आणि २०२२ची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ ही मालिका लावली. सगळे खूश. मग १९३६चा ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ लावला, तर ‘यात क्वीअर काय आहे?’ म्हणत निम्मे उठून गेले. शिवाय भिंतीवर काळ्याच्या जागी नुसतं राखाडी. काय चुकलं?
— एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : क्रम उलटा झाला. मालिकेत लुई आणि लेस्टॅट हे दोन व्हॅम्पायर पुरुष उघड प्रियकर आहेत. १९३६मध्ये हे दाखवण्याची सोय नव्हती. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४पासून कडक झाली होती आणि तिला समलैंगिकतेची नुसती सूचनाही खपत नसे. त्यामुळे जे काही आहे ते आडून आहे. लिली या तरुणीचा प्रसंग पुन्हा लावा. चित्र काढायच्या निमित्ताने काउंटेस झालेस्का, म्हणजे ड्रॅक्युलाची व्हॅम्पायर मुलगी, तिला खांदे उघडे करायला लावते, टक लावून बघते, अंगठी पुढे धरते. ऐन वेळी कॅमेरा वर सरकून भिंतीवरच्या मुखवट्यावर जातो. कानावर येते फक्त किंकाळी. हीच काउंटेस ‘मला यातून सोडवा’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञाचे पाय धरते. ‘यातून’ म्हणजे कशातून, यावर तुमची मंडळी तासभर भांडतील.

सिनेमा जेमतेम ७१ मिनिटांचा आहे, तेव्हा सुरुवात त्यानेच करा. मग ‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’ (१९७१), ‘द हंगर’ (१९८३), शेवटी मालिका. ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ (१९७०) वगळला तरी चालेल. त्याची मूळ कथा ‘कार्मिला’ या स्त्री-व्हॅम्पायरची, १८७२ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’ कादंबरीपेक्षा पंचवीस वर्षांनी थोरली, सिनेमा मात्र पुरुषांच्या नजरेला खूश करतो आणि शेवटी पुरुषांकडूनच कार्मिलाचं मुंडकं उडवतो.

आता राखाडीचं. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. उजेड पडला नाही तेवढीच जागा काळी. बाहेरचा उजेड आला की तीच राखाडी होते. खिडक्यांवर सोलापुरी चादर दुहेरी टांगा, पॅसेजची ट्यूब बंद करा. ब्राइटनेस वाढवू नका, काळं आणखी उजळतं. चित्र १०० इंचांवरून ७० इंचांवर आणलंत तर क्षेत्रफळ निम्मं होऊन उजेड जवळपास दुप्पट मिळेल. पडदा म्हणून मात्र चादर नको, काउंटेसच्या गालावर विणीतली फुलं उमटतील. साधं पांढरं पलंगपोस इस्त्री करून ताणा आणि मागे आणखी एक पांढरं कापड लावा, नाहीतर बराच उजेड आरपार जातो.