टेक्सासला यायच्या आधी

तू विचारलंस, "मामा, टेक्सासात पाच हजार वस्तीखालच्या गावात लायसन्सशिवाय प्लंबिंग चालतं म्हणे. आल्या आल्या स्वतःची कामं घेऊ का?" व्हिसाचं तुझा वकील बघेल, ते सोडतो.

तशी सूट आहे, पण सरसकट नाही; गावाने स्वतः नियम करून तशी मुभा दिली असेल तरच. राहत्या घराच्या मालकाला आपल्या घरातलं काम करता येतं. मी ज्यावर जगतो ती सूट वेगळी: अपार्टमेंटचा पगारी मेंटेनन्सवाला तिथलं प्लंबिंग करू शकतो. गॅसची लाइन कापायची नाही, गॅसचा वॉटर हीटर बसवायचा नाही आणि बाहेरचं काम घ्यायचं नाही.

2021 च्या फेब्रुवारीत थंडीने घरोघरी पाइप फुटले. सरकारने परराज्यातल्या प्लंबरांनाही येऊ दिलं. मी आमच्या इमारतीत उभे चिरलेले तांब्याचे पाइप कापून नवे जोडत होतो. रस्त्यापलीकडची म्हातारी बाई आली, छतातून पाणी गळतंय म्हणाली. मी तिला मेन व्हॉल्व्ह कुठे असतो ते सांगितलं आणि परत पाठवलं. पुण्यात माझ्या हाताखाली पोरं शिकली आहेत रे. त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून तू आधी प्लंबिंगचं लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाकडे शिकाऊ म्हणून नाव नोंदव आणि लायसन्सवाल्याच्या हाताखाली लाग. ट्रेड्समनच्या, म्हणजे मर्यादित कामाच्या लायसन्सच्या, परीक्षेला कामाचे 4,000 तास लागतात; जर्नीमनच्या, म्हणजे त्याच्या वरच्या लायसन्सच्या, 8,000. मी आलो तेव्हा शिकाऊच्या पगारात घरभाडंही निघत नव्हतं, म्हणून मी मेंटेनन्सला लागलो. पुण्याच्या ठेकेदाराने माझ्या कामाच्या दाखल्यावर "काम समाधानकारक" एवढंच लिहिलेलं. तास विचारले तर म्हणाला, "तास कोण मोजतं?" तू साइट, तारखा, तास सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घेऊन ये. बोर्ड काय धरेल ते धरेल, ठेवणाऱ्या मालकाला तरी कळेल.

पोरीच्या शाळेचा फॉर्म येईल, घरात कोणती भाषा बोलता म्हणून. आम्ही मराठी लिहिलं. मुलगा इंग्रजी माध्यमातला, तरी त्याची इंग्रजीची परीक्षा घेतली आणि वर्षभर वेगळ्या वर्गात बसवलं. आजही तो विषय निघाला की तो उठून जातो. पण खोटं काय लिहायचं? तू मराठीच लिही, फक्त पहिल्या आठवड्यात शाळेत जाऊन बाईंना भेट.

एकटं वाटतं का? वाटतं. काम असलं की कमी.

मुलगा आता कमावतो. तू आलास की बोर्डाचा फॉर्म मीही भरणार आहे. या वयात शिकाऊ म्हणवून घ्यायला मला एकट्याने धीर होत नाही.