कॅनडात आल्यापासून मुलगा हॉकी कार्डं मागतोय. जमवू द्यावीत का, आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ब्रॅम्प्टनच्या शाळेत मुलाला आइस हॉकीपटूंच्या फोटोंची ही कार्डं जमवण्याचा नाद लागला, तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही, आणि शेजारचे आजोबा गराज सेलमध्ये १९९०-९१ च्या कार्डांचा भरलेला खोका स्वस्तात देतायत. खोक्याचं आधी सांगते: घ्या. पुढेमागे विकून पैसे होतील म्हणून मात्र घेऊ नका.

त्या सुमारास इथे कार्डं म्हणजे गुंतवणूक, अशी हवा पसरली होती. अपर डेक, स्कोर, प्रो सेट या कंपन्या त्याच हंगामात हॉकीत उतरल्या आणि सगळ्यांनी मिळून कार्डांचा नुसता पूर आणला. लोकांनी पेट्याच्या पेट्या न फोडता जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे आज त्यांना भाव नाही. पण दहा वर्षांच्या मुलासाठी तो खोका म्हणजे खजिना आहे. त्यात यारोमीर यागरचं रुकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिल्या हंगामातलं कार्ड, निघू शकतं. स्कोरची कार्डं असतील तर गोलरक्षक मार्टिन ब्रोडरचंही. सगळी कार्डं जमिनीवर ओतू द्या, नंबरानुसार लावू द्या, कुठले नंबर नाहीत ते त्यालाच शोधू द्या. दोन संध्याकाळी यात गेल्या की हा छंद त्याला मनापासून हवाय का, ते तुम्हालाही कळेल.

आता नवीन पाकिटांबद्दल. २०१५ पासून दर शरद ऋतूत टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांत अपर डेकची छोटी पाकिटं मिळतात, शाळेतली लाट बहुधा तिथूनच आली असणार. त्याला काहीच हरकत नाही. दुकानातल्या मोठ्या पाकिटांबाबत मात्र मी कडक आहे. अपर डेकच्या मुख्य सेटमध्ये नवोदितांची ‘यंग गन्स’ नावाची कार्डं असतात, ती मोजक्याच पाकिटांत निघतात. सिडनी क्रॉस्बीचं २००५-०६ चं आणि कॉनर मॅकडेविडचं २०१५-१६ चं यंग गन्स कार्ड, दोन्ही कार्डांचा नंबर २०१. असं बड्या खेळाडूचं कार्ड आपल्याला लागेल म्हणून लोक पाकिटामागून पाकिटं फोडत बसतात. ही लॉटरी आहे, आणि मुलांना तिची सवय फार पटकन लागते. वाढदिवसाला एखादं पाकीट द्या. एरवी कार्डांच्या दुकानात जाऊन हवं ते सुटं कार्ड विकत घ्या. त्यासाठी आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते जमवणं तिथूनच सुरू होतं.

काय हवंय ते कसं ठरवायचं? एक खेळाडू, एक संघ किंवा एक वर्ष धरा. मी १९७९-८० चा ओ-पी-चीचा सेट धरला. ओ-पी-ची ही ओंटारिओतल्या लंडन गावची च्युइंगगमची कंपनी. पाकिटात गमची एक पट्टी आणि चौदा कार्डं. सेटमध्ये ३९६ कार्डं, निळी चौकट, मागे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत मजकूर. त्या हंगामात डब्ल्यूएचए ही स्पर्धक लीग बंद पडून तिचे चार संघ एनएचएल या इथल्या मुख्य हॉकी लीगमध्ये आले: एडमंटन, विनिपेग, क्विबेक आणि हार्टफोर्ड. त्यामुळे १८ नंबरवर एडमंटनच्या जर्सीतला अठरा वर्षांचा, पुढे हॉकीतला दिग्गज ठरलेला वेन ग्रेट्झ्की आहे, त्याचं पहिलं कार्ड. आणि त्याच सेटमध्ये १७५ नंबरवर हार्टफोर्डचा गॉर्डी हाव हा आधीच्या पिढीचा दिग्गज आहे, वयाच्या ५१ व्या वर्षी, खेळाडू म्हणून शेवटच्या हंगामात. हावचं रुकी कार्ड १९५१-५२ चं! एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट एकाच निळ्या चौकटीत येतात, म्हणून मला या सेटइतकं दुसरं काही आवडत नाही.

ग्रेट्झ्कीचं ते कार्ड तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. कार्डाची अवस्था तपासून एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या असतात. पीएसएने दहापैकी दहा दिलेली त्याची एक प्रत २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार अमेरिकी डॉलरला विकली गेली. २०२४ मध्ये रेजायना शहरातल्या एका घरात सापडलेल्या, याच सेटच्या न फोडलेल्या पेटीला ३७ लाख २० हजारांची बोली लागली. पेटीत १६ खोके, प्रत्येकात ४८ पाकिटं. हिशेब केला तर सरासरीने ग्रेट्झ्कीची सत्तावीसेक कार्डं आत असावीत, पण फोडल्याशिवाय खात्री नाही. हे आकडे ऐकून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. कोपरे झिजलेलं हावचं कार्ड सामान्य माणसाला परवडतं, आणि साध्या खेळाडूंची कार्डं तर फारच स्वस्त मिळतात. ग्रेट्झ्की वगळून बाकीचा सेट हे एका मुलासाठी कित्येक वर्षं पुरणारं ध्येय आहे.

ग्रेट्झ्की कुणी स्वस्तात देऊ केला तर थांबा. या कार्डाच्या बनावट प्रती भरपूर फिरतात. भिंगाखाली अक्षरं पाहा: अस्सल छपाईत काळी अक्षरं भरीव असतात, नक्कल केलेल्यात ती ठिपक्यांची किंवा धूसर दिसतात. कड खडबडीत असली तर मात्र शंका घेऊ नका. ओ-पी-चीत कार्डं तारेने कापायचे, तशी कड ही त्यांची ओळखच आहे.

मुलाला गोष्टी आवडत असतील तर १९५१-५२ च्या पार्कहर्स्ट सेटमधलं बिल बारिल्कोचं कार्ड इंटरनेटवर नक्की दाखवा. एप्रिल १९५१ मध्ये त्याने जादा वेळेत गोल मारून टोरंटोला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून दिला, कार्डावर तोच क्षण आहे. ऑगस्टमध्ये मासेमारीहून परतताना त्याचं छोटं विमान बेपत्ता झालं. कार्ड मुलांच्या हातात पडलं तेव्हा तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. अवशेष सापडले १९६२ मध्ये, आणि मधल्या काळात टोरंटोने कप जिंकलाच नव्हता. कप परत आला त्याच वर्षी. मूळ कार्ड महाग आहे, पण गोष्ट फुकट आहे.

आपल्याकडच्या मुलाला आणखी एक धागा देता येईल: भारतीय वंशाचे खेळाडू. ब्रिटिश कोलंबियाचा रॉबिन बावा एनएचएलमध्ये खेळणारा पहिला. मग मिसिसॉगात जन्मलेला मॅनी मल्होत्रा, नंतर जुझार खैरा. यादी छोटी आहे, म्हणून पूर्ण होण्यासारखी आहे.

जपण्याबद्दल एकच कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका! आपल्याकडे दाखल्यापासून देवाच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट होतं, पण कार्डाची किंमत आणि स्पर्श दोन्ही त्याने जातात. रबरबँडही नको, कडा कापल्या जातात. पातळ प्लॅस्टिकची पिशवी, चांगल्या कार्डाला त्यावर टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट, आणि बाकीच्यांसाठी नऊ कप्प्यांच्या पानांचा बाइंडर एवढं पुरतं. बेसमेंटमध्ये ठेवू नका, तिथे ओल धरते.

टोरंटो परिसरात वर्षातून दोनदा स्पोर्ट कार्ड एक्स्पो भरतो. मुलाला हव्या असलेल्या नंबरांची यादी कागदावर लिहून घेऊन जा आणि स्वस्त कार्डांच्या खोक्यांपाशी त्याला मोकळं सोडा. भाव त्यालाच करू द्या. तुम्ही फक्त पैसे द्या.